व्हिसासाठी नाव घेते

लातुरात मला माझ्या नावानं कुणी ओळखत नाही. आधी मी टायपिंगवाली बाई होते, मग पासपोर्टबाई झाले आणि शेवटची बरीच वर्षं व्हिसाबाई. दुकान बंद केलं तरी भाजीवाली अजून विचारते, "व्हिसाबाई, शेपू देऊ का?" मी हो म्हणते. पदव्या कष्टानं मिळतात, त्या सोडवत नाहीत.

माझ्या धंद्याचा जन्म जिल्ह्याबरोबरचा. लातूर उस्मानाबादेपासून वेगळं झालं, नवं कलेक्टर ऑफिस आलं आणि त्याच्या मागोमाग अर्ज आले. जिल्हा नवा असला की प्रत्येक माणसाला सरकारला काहीतरी सांगायचं असतं. मी ऑफिससमोर पत्र्याच्या शेडात टाइपरायटर घेऊन बसले. पहिल्या वर्षी तर लोक अर्जावर जिल्हा उस्मानाबाद लिहून आणायचे, मी खोडून लातूर टाइप करायची आणि ते म्हातारे माझ्याकडे असं बघायचे की जणू मी त्यांच्या बापाचं नाव बदललं. हे इथं मुद्दाम सांगते, कारण ते खोडलेलं उस्मानाबाद पुढं मला चांगलंच महागात पडणार होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, व्हिसा म्हणजे परदेशात जायचं तिकीट. तसं नाही. पासपोर्ट सांगतो तुम्ही कोण. व्हिसा सांगतो की तुम्ही दारापर्यंत येण्याला त्या देशानं हरकत घेतलेली नाही. आणि दारात गेल्यावर आत घ्यायचं की नाही, हे तिथला शिक्केवाला ठरवतो. युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा असतो. ज्या देशात जास्त राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. आजारपणाचा विमा काढायचा, राहण्याची जागा दाखवायची, खर्च कोण करणार ते दाखवायचं, बोटांचे ठसे द्यायचे. हे सगळं मिळतं. अवघड असतो तो एकच कागद, जो कुठल्याच ऑफिसात मिळत नाही. तो म्हणजे तुम्ही परत येणार याचा पुरावा. पोरीला बघायला आलेल्या मुलानं पुढं नांदवणार याचा पुरावा द्यावा, तसं हे. देणार कुठून?

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका आडत दुकानदारांनी नवा कोरा पासपोर्ट लक्ष्मीपूजनात ठेवला आणि भक्तिभावानं आतल्या स्वतःच्या फोटोवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, ओल्या बोटांनी. फोटोखालची अक्षरं फुगली. "आता ह्यात काय बिघडलं म्याडम? कपाळावर तर रोजच लावतो की!" कपाळ धुता येतं, पासपोर्ट धुता येत नाही, हे त्यांना पटवायला माझी एक दुपार गेली. दुसऱ्या एका घरात आजोबा, मुलगा, सून आणि नातू अशा चौघांची जन्मतारीख एक जून. मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलेलं. व्हिसा केंद्रातल्या पोरीनं मला फोन करून विचारलं, "मॅडम, ही टायपिंग मिस्टेक आहे का?" मी म्हटलं, "नाही, ही मराठवाड्याची जयंती आहे."

पण मला ज्या एका व्हिसाचा अभिमान आहे, तो गौराबाईंचा.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा. नळ कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं. टँकर गल्लीत शिरला की माणसं जेवणावरून उठून धावायची. अशा दिवसांत गौराबाई आणि त्यांचे मालक मन्मथअप्पा माझ्या दुकानात आले. अप्पा डाळमिलमध्ये मशीनवर होते. भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर तुरीची पिवळी धूळ. बाई ठेंगण्या, डोक्यावर पदर, आणि बोलायला लागल्या की थांबवायचं कसं ते अप्पांनाही जमलेलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक ज्योती युरोपात नोकरीला. देशाचं नाव मी सांगत नाही, त्या देशाकडे माझी जुनी गिऱ्हाइकं अजून अर्ज करतात. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ज्योतीला दिवस राहिले होते. दोनदा आशा लागून गेली होती, म्हणून डॉक्टरांनी विमानात बसायला सक्त मनाई केलेली. सासू हयात नाही, नवरा दिवसभर कामावर.

"पहिलं बाळंतपण माहेरी असतंय म्याडम," गौराबाई म्हणाल्या. "पोरीला माहेरी येता येईना. मग माहेरानं जावं की न्हाई तिकडं? मी म्हंजेच माहेर. मला पाठवा."

मी म्हटलं, यात काय अवघड आहे? आई लेकीच्या बाळंतपणाला जाणार, यासारखं सरळ कारण जगात नाही. अप्पा जाणार नव्हते. दोघं गेली तर टँकरच्या रांगेत उभं कोण राहणार? मी फाइल केली, बाईंनी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे दिले आणि मी निर्धास्त झाले. माझ्या फाइली सहसा परत येत नसत. गर्वाचं घर खाली म्हणतात, माझं तर दुकान होतं.

पासपोर्ट आला तो कोरा. सोबत नकाराचा छापील कागद आणि त्यावर दोन खुणा. एक, नातं सिद्ध होत नाही. दोन, अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही.

मी फाइल पुन्हा उघडली आणि कपाळावर हात मारला. ज्योतीच्या पासपोर्टवर आईचं नाव गौराबाई. जन्मदाखल्यावर आईचं नाव महानंदा. शिवाय दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आणि आईच्या पासपोर्टवर त्याच गावाचा जिल्हा लातूर.

"महानंदा कोण?" मी विचारलं.

"मीच की!" गौराबाई म्हणाल्या. "माहेरचं नाव हाय माझं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर गौरा लिव्हलं, तवापासून गौराबाई. ज्योती झाली माझ्या माहेरी, औश्याकडं. माझा बाप चावडीवर गेला आन् सांगितलं, महानंदाला लेक झाली. बाप सासरचं नाव कामून सांगंल?"

आपल्याला हे ऐकून काहीच वाटत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, आजोबा नोंद करणार, आजोबांच्या तोंडी लेकीचं माहेरचं नाव. आणि पुढच्याच वर्षी जिल्हा बदलला. गाव जागचं हललं नव्हतं, त्याच्याभोवतीचा जिल्हा हलला होता. पण परदेशी साहेबाच्या टेबलावर दोन बायका आणि दोन जिल्हे जमले होते. त्याला वाटलं असणार की महानंदा ही खरी आई आणि गौराबाई कुणीतरी तिसरीच, पोटापाण्यासाठी युरोपात घुसू बघणारी.

मी हे समजावून सांगितलं. अप्पा खाली बघत राहिले. तांदळावर नाव बदलणारं बोट त्यांचंच होतं. गौराबाईंचा मात्र आवाज चढला.

"कागद म्हणतो मी तिची आईच न्हाई? मग नऊ महिने पोटात कुणी वागवली तिला, कलेक्टरनं?"

आणि एकदम रडायला लागल्या. मोठ्यानं, पदर तोंडात धरून. "पोरगी तिथं एकली हाय म्याडम. दोन डाव असंच झालं आन् मी फोनवर नुसती हॅलो हॅलो करत बसले." त्या वेळी मला रडू आलं नाही, मला राग आला. चावडीचा, ताटातल्या तांदळाचा, त्या छापील कागदाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. मी त्यांना म्हटलं, "तुमचा व्हिसा काढल्याशिवाय मी दुसऱ्या कुणाचा अर्ज हातात घेणार नाही." शब्द तोंडातून गेला. दिवाळीच्या सहलीवाले लोक नंतर माझ्या नावानं बोटं मोडत होते, मोडू देत.

दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. माहेरच्या सरपंचाचा दाखला आणला. जिल्हा वेगळा झाल्याचा सरकारी कागद जोडला. आणि एक पत्र लिहायला बसले, माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड पत्र. इंग्रजीत माहेराला शब्दच नाही! आईचं घर म्हणावं, तर वाटतं गौराबाई स्वतःच्या आईकडे निघाल्यात. वडिलांचं घर म्हणावं, तर अप्पांच्या घराशी घोटाळा. शेवटी मी माहेर हाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला आणि खाली अर्धं पान समजावून सांगितलं की बाई कितीही म्हातारी झाली तरी एका घरात तिला जुन्या नावानं हाक मारतात, ते घर.

या वेळी नकार आला नाही, बोलावणं आलं. अर्जदारानं मुंबईत प्रत्यक्ष मुलाखतीला यावं. म्हणजे साहेबाला अजून शंका होती, पण ऐकायची तयारी होती.

मी गौराबाईंची तालीम घ्यायला सुरुवात केली. लेक काय करते? किती दिवस राहणार? सगळं पाठ. मग मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

"ह्ये."

"हे कोण?"

"आमच्या ज्योतीचे बाप."

"बाई, नाव सांगा, नाव!"

त्यांनी पदर ओढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव सरळ तोंडातून काढलेलं नाही, म्हणाल्या, ते आता साहेबापुढं काढू? मी समजावलं, दटावलं, हात जोडले. साहेबापुढं नवऱ्याचं नाव सांगता आलं नाही तर तो म्हणेल, ही बाई तर बनावटच. तरी एकच उत्तर, "घेईन की तिथं गेल्यावर."

मी कुणा गिऱ्हाइकाबरोबर मुंबईला जात नसे. या वेळी गेले. पाण्याची गाडी लातुरात येत होती आणि आम्ही दोघी लातुरातून निघालो होतो. एजंटाला आत सोडत नाहीत, म्हणून मी समोरच्या फुटपाथवर थांबले आणि चालून चालून चपलेचा अंगठा तोडला. आतलं सगळं मला नंतर गौराबाईंनी सांगितलं, एकदा नव्हे, तर मुंबईपासून लातूरपर्यंत.

आत एक साहेब आणि भाषांतराला एक मराठी मुलगी. लेकीबद्दलची उत्तरं बाईंनी बिनचूक दिली. मग साहेबानं विचारलं, नवऱ्याचं नाव? बाई गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. साहेबानं पेन खाली ठेवलं. ती मुलगी घाबरून म्हणाली, "मावशी, नाव सांगा हो. नाहीतर इथंच थांबेल सगळं."

"सांगते की," गौराबाई म्हणाल्या. "बसून घेऊ का उभ्यानं?"

मुलीला काही कळेना. तोवर बाई उठल्या, पदर नीट केला, साहेबाला नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"माहेरची महानंदा, सासरची गौराबाई,
मन्मथअप्पांचं नाव घेते, लेकीकडं जायची घाई!"

ती मुलगी आधी तोंडावर हात ठेवून हसली. मग तिला एकदम उलगडलं असावं. तिनं साहेबाला एकेक तुकडा करून सांगितलं. ही पहिली बाई आणि ही दुसरी बाई एकच, हे तिच्या नवऱ्याचं नाव आणि हे प्रवासाचं कारण. माझं अर्धं पानभर इंग्रजी आणि सरपंचाचा गोल शिक्का जे करू शकले नव्हते, ते दोन ओळींत झालं. शिवाय नवऱ्याचं नाव सरळ न घेता असं का घेतात, तेही मुलीनं सांगितलं. साहेबानं विचारलं, हे घरून पाठ करून आणलंय का? बाई म्हणाल्या, "पाठ कशाला? जीव टांगणीला लागला की आपोआप जुळतंय."

पण साहेबही कच्चा नव्हता. त्यानं शेवटचा प्रश्न काढला. तुमच्या शहरात पाणी नाही, रेल्वेनं आणावं लागतं, हे मी वाचलं आहे. आमच्याकडे भरपूर पाणी आहे. तुम्ही परत का जाल?

या प्रश्नाची तालीम मी घेतली नव्हती. सुचलाच नव्हता.

गौराबाई म्हणाल्या, त्यांना त्या माणसाची कीव आली. त्या त्याला समजावल्यासारखं बोलल्या, "साहेब, पाणी गेलं म्हणून घर सोडत असतात का? उद्या पाणी येईल. आलं की भरायला मी नको का घरी?"

मुलीनं ते सांगितलं. साहेबानं काहीतरी लिहिलं आणि जायला सांगितलं. हो की नाही, काही कळलं नाही.

पासपोर्टचं पाकीट आलं तेव्हा अप्पा दुकानात बसले होते, डाळमिलमधून तसेच आलेले. नकार असो की होकार, पाकीट सारखंच दिसतं, हा या धंद्याचा दुष्टपणा. मी ते फोडलं, पानं उलटली आणि ओरडले. खरंच ओरडले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला वाटलं टँकर आला, तो घागर घेऊन बाहेर पळाला. व्हिसा होता, बाळंतपण आणि त्यापुढचा सव्वा महिना पुरेल एवढ्या मुदतीचा. अप्पा उठून उभे राहिले, त्या पानाला बोट लावायला गेले, मग स्वतःच्या हातावरची धूळ बघून हात मागं घेतला.

निघताना सामानावरून आमचं भांडण झालं ते वेगळंच. त्या देशात बाहेरून दूध-दुभत्याचं काही नेऊ देत नाहीत, म्हणून मी बॅगेतून तुपाची किटली बाहेर काढली. "तूप न्हाई तर बाळंतीण उठंल कशी?" म्हणून बाई माझ्यावर उखडल्या. मी सांगितलं, तिकडं लोणी मिळतं, ते कढवा. डिंक, खारीक, खोबरं, अळीव नेलं, तूप माझ्या घरी राहिलं. चांगलं होतं.

तिथल्या विमानतळावरच्या शिक्केवाल्यानं त्यांना काय विचारलं ते त्यांना समजलं नाही. त्यांनी पोटावर हातानं गोल दाखवला, मग दोन्ही हातांत बाळ जोजवलं. त्यानं शिक्का मारला. जगात कुठंही ही भाषा चालते, असं दिसतं.

त्या पोचल्यावर आठवडाभरातच ज्योतीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोनवर गौराबाई एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या की फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं. आणि मुदत संपायच्या आधी त्या परत आल्या, पाऊस पडून नळाला पाणी आलं होतं तेव्हा. मी त्यांच्या घरी गेले तर बाई हंडे भरत होत्या. म्हणाल्या, "त्या साहेबाला फोटो पाठवा म्याडम, म्हणावं, पाणी भरायले मी."

पुढच्या वर्षी नातीचा पहिला वाढदिवस. या वेळी अप्पाही निघाले होते. दोघं नवे कपडे घालून आले, अप्पांच्या भुवयाही झटकलेल्या. मी अर्ज पुढं घेतला. बाईंचा आधी भरला, मग अप्पांचा. गाव, जन्मतारीख, अर्थातच एक जून.

"अप्पा, पत्नीचं नाव?"

मी वर बघितलं. म्हातारा लाजला होता.

"तुम्हाला माहीत हाय की म्याडम."

"मला माहीत आहे, अर्जाला माहीत नाही."

"लिव्हा ना तुम्ही."

"तिथं मुलाखतीला बोलावलं तर मी येऊ का लिहायला? बोला."

गौराबाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या, जणू या माणसाशी त्यांचा काही संबंध नाही. अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. घसा खाकरला. मग उठून उभे राहिले आणि एका दमात म्हणाले,

"तुरीची झाली डाळ, डाळीचं झालं वरण,
महानंदाचं नाव घेतो, व्हिसाचं हाय कारण!"

गौराबाईंची मान गर्रकन वळली. सासरच्या घरात ज्याच्या बोटानं ते नाव तांदळाखाली गेलं होतं, त्यानंच आज ते बाहेर काढलं होतं. त्या अप्पांकडे बघत राहिल्या, डोळे भरून आले, आणि मग ते दोन्ही हातांनी पुसत माझ्या टेबलावर थाप मारून म्हणाल्या,

"म्याडम, लिव्हा की लवकर! पुन्यांदा घ्यायचे न्हाईत ते!"